कंठी खुंटीला, मग भाकरी

माझ्या खानावळीत मागितल्याशिवाय दुसरी भाकरी मिळत नाही. आमटी मिळते, भाजी मिळते, शेंगाचटणीची वाटी तर समोरच ठेवलेली असते. पण पहिली भाकरी संपली की दुसरी तोंडानं मागायची. "आक्का, भाकरी," एवढंच. कानडीत मागा, उर्दूत मागा, तोतरं मागा, पण आवाज बाहेर आला पाहिजे. ताटाकडं बघत बसणाऱ्याला आणि बोटानं खुणावणाऱ्याला ओलांडून मी टोपली पुढं नेते.

हा नियम मी हौसेनं केलेला नाही. सीना नदीच्या अलीकडं माळावर विद्यापीठ झालं तेव्हा खेड्यापाड्यातली पोरं माझ्याकडं जेवायला यायला लागली आणि लाजून अर्धपोटी उठायला लागली. घरी आई न विचारता वाढायची. मीही तसं करून बघितलं, तर त्यांना नको म्हणता येईना. भाकरी ताटाखाली लपवून उठायची. ज्याला हवं म्हणता येत नाही त्याला नकोही म्हणता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग नियम केला. पहिला आठवडा पोरं उपाशी राहिली, माझ्याही घशाखाली घास उतरला नाही. आठव्या दिवशी खोलीत बाजार भरल्यासारखा गलका झाला. पुढं एकतीस वर्षं तो गलका मी रोज ऐकला.

मग एका वर्षी दिवाळीनंतर तो बंद पडला.

नळदुर्गचा तौफिक हा माझा चार भाकरींचा गडी. दुसऱ्या वर्षाला होता. एक दिवस तो एका भाकरीवर हात धुवायला उठला. वाटलं, पोट बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी टोपली घेऊन त्याच्या समोरच थांबले. ताट रिकामं. माझ्याकडं बघतोय. ओठ मिटलेले. गळ्यातल्या काळ्या पट्टीखाली कंठाची घाटी वर गेली, खाली आली, आणि मग तो अशा नजरेनं बघायला लागला की जणू माझंच काही चुकलंय.

मी विचारलं, भाकरी नको का रे?

तो दचकला. "मागितली की आक्का, आत्ताच," म्हणाला. आवाज कित्येक दिवस न उघडलेल्या दारासारखा.

त्यानं मागितली नव्हती. माझे कान अजून शाबूत आहेत. मी ओळीकडं नजर टाकली. चाळीस पोरं, चाळीस पट्ट्या, चाळीस घाट्या वर-खाली होतायत आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

आता कुणी म्हणेल, म्हातारीला यंत्राचा राग. मुळीच नाही. भाकरी थापायचं यंत्र या माळावर सगळ्यात आधी मी आणलं. चूल माझी उन्हावर चालते. यंत्रानं माझे खांदे वाचवले, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ते यंत्र भाकरी थापतं. माझ्या वाटची खात नाही.

त्या पट्टीला पोरं कंठी म्हणायची. ती शोधून काढली रेवणसिद्ध हत्तुरेनं. आज मोठा प्रोफेसर आहे, पण चार वर्षं माझ्याच पंगतीला जेवला. पहिल्या वर्षी त्यानं वर्गात उठून इंग्रजीत काहीतरी विचारलं, शब्द उलटेसुलटे पडले आणि सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. त्या दिवशी तो ताटावर बसून रडला आणि पुन्हा कधी वर्गात उठला नाही. माझ्याकडं मात्र भाकरी मागायला शिकला. आठव्या दिवशीच्या त्या गलक्यात पहिला आवाज त्याचा होता.

पुढं तो शिकवायला लागला आणि त्याच्यासमोर तीच गत. शिकवणं सगळं इंग्रजीतून. शेवटी विचारायचं, एनी डाउट? आणि एकशेवीस माना खाली. पाच वर्षं त्यानं त्या खाली गेलेल्या माना बघितल्या आणि मग कंठी बनवली. हे त्यानं मला माझ्याच ओट्यावर बसून समजावलं होतं. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही गळ्याच्या स्नायूंना बारीक हुकूम जातो. आवाज निघत नाही, पण स्नायू किंचित थरथरतो, आणि त्या थरथरीला विजेची एक हलकी लहर असते. पट्टी ती लहर टिपते. वर्गात काय शिकवणं चाललंय ते संगणकाला माहीत असतंच. दोन्ही जुळवून तो पोराच्या मनातल्या मराठीचं, कानडीचं चोख इंग्रजी करतो आणि भिंतीतल्या कर्ण्यातून पोराच्याच आवाजात प्रश्न विचारतो. ओठ हलवायचं काम नाही. चूक व्हायची भीती नाही, हसायला कुणाला जागा नाही.

ऐकताना मला गहिवरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, रेवण, पांग फेडलेस.

मग एक गोष्ट झाली, ती त्यानंही धरून चालली नव्हती. कंठी शिकत जाते. सुरुवातीला तिला मनातलं पूर्ण वाक्य लागायचं. महिन्यानं दोन शब्द पुरायला लागले. दिवाळीपर्यंत पोरानं नुसतं घशात हं केलं की भिंत बोलायला लागायची. आणि जे काम गळ्याला करावंच लागत नाही, ते गळा करायचं सोडतो. पोरांना वाटायचं आपण बोललो. घाटी हलली म्हणजे झालं बोलून. पट्टीची सवय वर्गातून बाहेर आली, वसतिगृहात शिरली, आणि माझ्या पंगतीत येऊन बसली. माझ्या खोलीच्या भिंतीत कर्णा नाही. म्हणून ती पोरं उपाशी उठत होती.

हे सगळं मला तौफिकमुळं दिसलं, पण लागलं ते वैजयंतामुळं.

वैजयंता माझी नात. तिची आई गेल्यापासून माझ्याजवळ. रेवणच्याच वर्गात शिकायची. लहानपणापासून भांडकुदळ. आमटीत मीठ कमी म्हणेल, भाकरीचा पापुद्रा जाड म्हणेल, माझ्या बोलण्यातली चूक काढेल. मी चौथी शिकलेली, ती इंजिनियर होणार, तरी आमच्यात बरोबरीचं भांडण चालायचं. दिवाळीनंतर ती भांडेनाशी झाली. मी मुद्दाम दोनदा आमटी अळणी केली. मुकाट्यानं जेवून उठली.

विद्यापीठात मात्र तिचं नाव गाजत होतं. वर्गात किती विचारता आणि किती वरच्या पातळीचं विचारता, यावर सहभागाचे गुण असतात. वैजयंताला शंभरातले शंभर. उन्हाळ्यात पुण्याच्या मोठ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून जाण्यासाठी वर्गातून एकाची निवड व्हायची होती, त्यात तिचं नाव सगळ्यात वर. ती पोर त्यासाठी दोन वर्षं जीव टाकत होती.

एका दुपारी मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, तू वर्गात काय विचारतेस ते मला सांग. तिनं फोनवर यादी काढली. इंग्रजी प्रश्न, लांबच लांब. म्हटलं, वाचून नको दाखवू, समजावून सांग. तिनं एक प्रश्न दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचला. मग फोन पालथा ठेवला.

"आज्जी, मलाच कळत नाहीये मी काय विचारलंय ते."

मी शेंगा सोलत बसले. अशा वेळी बोललं की माणूस पुन्हा मिटतो.

मग हळूहळू बाहेर आलं. तिसऱ्या आठवड्यात उष्णता कशी वाहते त्याचं सूत्र शिकवलं होतं. त्यात सरांनी एक उणेचं चिन्ह टाकलं. ते उणे कशासाठी, हे तिला कळलं नाही. विचारायला गेली, घसा हलला, आणि कंठीनं तिच्या आवाजात तिसरंच काहीतरी विचारलं. कंठीला शिकवलेलं आहे की प्रश्न वरच्या पातळीचा झाला पाहिजे, नाहीतर गुण कसले? सर खूश झाले. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. उणे तिथंच राहिलं, त्याच्यावर पुढचं सगळं रचलं गेलं, आणि आता तिला वर्गातलं काहीच कळत नव्हतं. गुण शंभर.

मी विचारलं, पट्टी काढून विचारायचंस ना?

ती म्हणाली, "एकशेवीस जण इतके अवघड प्रश्न विचारतात. त्यांच्यात मी एकटी उठून उणे का म्हणून विचारू?"

मला हसूही आलं आणि रडूही. त्या एकशेवीसपैकी चाळीस जण माझ्यासमोर रोज बसत होते. मी त्याच संध्याकाळी ओळीत विचारलं, ते उणे कुणाला कळलंय? मला काय, मी अडाणी बाई, मला विचारायची लाज नाही. सगळे ताटात बघायला लागले. तौफिकनं नाही म्हणून मान हलवली. मग त्याच्या शेजारचीनं. मग सगळ्यांनी.

रेवण मंगळवारचं जेवण सांगायला आला. राज्यातून एक समिती येणार होती. कंठी पसंत पडली तर जूनपासून सगळ्या विद्यापीठांत सक्तीची होणार. त्यांच्यासमोर एक तास शिकवायचं, आणि पहिला प्रश्न वैजयंता विचारणार. त्याच्याही गळ्यात पट्टी होती. बोलताना ओठ हलत होते, पण प्रत्येक वाक्याआधी तो थांबायचा, कुणीतरी सुरुवात करून देईल याची वाट बघितल्यासारखा.

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आकडे बघा आक्का. आधी वर्षाला चार प्रश्न यायचे, आता दिवसाला नव्वद येतात.

"त्यातला पोरांचा कुठला?"

तो म्हणाला, "आक्का, तुम्हाला नाही कळायचं. सगळा वर्ग हसतो तेव्हा काय होतं, ते तुम्हाला माहीत नाही."

मला राग आला. म्हटलं, मला माहीत नाही? मी दवाखान्यात, बँकेत, तुझ्या विद्यापीठाच्या कचेरीत रोज काहीतरी चुकीचं बोलते आणि लोक रोज हसतात. हसून झालं की त्यांना माझं काम करावंच लागतं, कारण मी तिथून हलत नाही. "तुला हसले, ते वाईट झालं. पण तू हसणाऱ्यांचं तोंड बंद करायचं सोडून विचारणाऱ्यांचं केलंस."

तो उठून गेला. जेवणाचं मात्र रद्द केलं नाही. मीही नाही म्हटलं नाही.

मंगळवारी पातेली पोचवून मी सभागृहात मागच्या बाकावर जाऊन बसले. हातात पळी तशीच राहिली होती. पाहुणे पुढच्या रांगेत, मधे अध्यक्षबाई. रेवण फळ्यापाशी उभा होता आणि शिकवत होता, म्हणजे त्याचा आवाज भिंतीतून येत होता. ओठ मिटलेले. इंग्रजी असं की लोण्यातून सुरी फिरावी. पोरं ताठ बसलेली. मला वाटलं, ही सगळी माणसं झोपलीयत आणि घर एकटंच बोलतंय.

वैजयंताचं नाव घेतलं गेलं. ती उठली आणि तिच्या घशात काही हलायच्या आत भिंत सुरू झाली. माझ्याच नातीचा आवाज, फाडफाड इंग्रजी. वैजयंता त्या भिंतीकडं अशी बघत होती, जणू आपली साडी नेसून कुणी परकी बाई दारातून यावी.

तिनं मानेमागं हात नेला आणि कंठी सोडली. आवाज अर्ध्यात तुटला.

"सॉरी सर," ती म्हणाली. "दॅट इज नॉट माय क्वेश्चन."

घसा बसलेला. तिनं खाकरून साफ केला.

"माय क्वेश्चन इज स्मॉल. थर्ड वीक यू रोट मायनस. व्हाय मायनस? आय नॉट अंडरस्टूड. आफ्टर दॅट, सर, आय नॉट अंडरस्टूड एनिथिंग."

पुढच्या रांगेत एकजण हसला. मग इकडून तिकडून काही पोरं. मी पळी घट्ट धरली. उठणार होते, पण वैजयंता बसली नाही. रस्त्यावरून मालट्रक जाईपर्यंत माणूस थांबतो ना, तशी ती हसणं संपेपर्यंत थांबली आणि पुन्हा तेच बोलली, आधीपेक्षा मोठ्यानं. या वेळी कुणी हसलं नाही.

भिंतीनं उत्तर दिलं. रेवणच्या आवाजात, झोकदार, लांबलचक. रेवणची नुसती घाटी हलली होती, ओठ नाहीत.

"सर, भिंत नको," वैजयंता म्हणाली. "यू टेल."

रेवणचा हात गळ्याकडं गेला. पट्टीवर जाऊन थांबला. त्यानं पाहुण्यांकडं बघितलं, वैजयंताकडं बघितलं, मागं माझ्याकडंही बघितलं. हात तिथंच. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, जेवून घेऊया.

जेवायला पाहुणे पंगतीतच बसले, मी टेबलं मांडलीच नव्हती. अध्यक्षबाईंची भाकरी संपली, मी टोपली घेऊन पुढं गेले. एक अधिकारी धावत आला, बाईंना वाढा म्हणून कानाशी कुजबुजला. मी म्हटलं, बाईंना तोंड आहे. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "एक भाकरी मिळेल का, आक्का?" मी दोन वाढल्या. मग सगळ्यांनीच मागितली, हौसेनं, पोरांसारखी.

ओळीच्या टोकाला रेवण होता. ताट रिकामं. घाटी वर गेली, खाली आली. मी थांबले. मनात चारपर्यंत मोजलं, एरवी मी कुणासाठी मोजत नाही. मग त्याला ओलांडून पुढं गेले. एकतीस वर्षांत इतकं जड पाऊल मी टाकलेलं नाही.

कंठी पसंत पडली. जूनपासून सगळीकडं सक्तीची झाली. त्या तासाचा अहवाल कंठीनंच लिहिला होता, आणि पट्टीबाहेर बोललेलं तिला ऐकूच येत नाही. म्हणून त्यात वैजयंताच्या नावापुढं लिहून आलं, सहभाग शून्य. पुण्याच्या यादीतून तिचं नाव गेलं.

ते कळलं त्या संध्याकाळी मी तिच्यापुढं ताट ठेवलं. ती बराच वेळ जेवली. मग म्हणाली, "आज्जी, आमटीत मीठ कमी आहे."

मी म्हटलं, जीभ तपासून घे.

ती म्हणाली, तू डोळे तपासून घे, मिठाचा डबा समजून साखरेचा उघडत असशील. आम्ही हात वाळेपर्यंत भांडलो. मला इतकं बरं वाटलं की मी खरंच चिमूटभर मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी दाराशेजारच्या भिंतीवर मी चाळीस खुंट्या ठोकून घेतल्या आणि सांगून टाकलं, कंठी खुंटीला, मग भाकरी. वर्गात घाला, तिथं तुमचा इलाज नाही. इथं माझं राज्य आहे. आणि रोज चार ते पाच खानावळ उघडी. जेवण नाही, नुसती भाकरी आणि चटणी, पण ती अशी मिळणार की आधी एक प्रश्न. वर्गात न कळलेला, मोठ्यानं, इंग्रजीत. मोडकं चालेल, कारण पेपर इंग्रजीत आहे आणि तिथं भिंत येणार नाही. अडलं तर मधे मराठी घाला. कुणी हसलं तर त्याचं ताट मी उचलणार.

विद्यापीठातून पत्र आलं की हा प्रकार नियमाला धरून नाही. मी त्या पत्राचं उत्तर तोंडी दिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पहिल्या दिवशी सहाजण आले. तौफिकनं उठून विचारलं, शब्द चार आणि घाम घागरभर. पण उत्तर कुणालाच येईना. एकाला अर्धं यायचं, दुसरी त्यात पाव घालायची. प्रश्न जमत गेले. वैजयंतानं ते कोळशानं भिंतीवर लिहायला सुरुवात केली. सगळ्यात वर तिचंच, व्हाय मायनस. आठवड्यात भिंत निम्मी काळी झाली.

नवव्या दिवशी साडेचारला दारात रेवण उभा राहिला. त्यानं खुंट्यांकडं बघितलं. एकच रिकामी होती. त्यानं पट्टी सोडली आणि अडकवली. गळ्यावर तिच्या जागी पांढरा पट्टा उमटला होता, घड्याळ काढल्यावर मनगटावर दिसतो तसा. तो ओळीच्या टोकाला येऊन बसला. मी त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि टोपली घेऊन उभी राहिले.

त्याला बराच वेळ लागला. मी या वेळी मोजलं नाही.

"आक्का," तो म्हणाला. मग आणखी थोड्या वेळानं, "भाकरी."

मी वाढली. त्यानं ती खाल्ली नाही. उठून भिंतीपाशी गेला, वरचा प्रश्न वाचला, आणि चुलीजवळचं लोखंडी उलथनं उचलून त्याचं एक टोक तापलेल्या तव्यावर ठेवलं. दुसरं टोक हातात. आवाज फाटत होता, इंग्रजी अडखळत होतं, मधेच मराठी येत होती. "हिअर टू हंड्रेड. हिअर, से, एटी. हिअर माय हँड, फॉर्टी. तव्याकडून हाताकडं आलो की आकडा उतरतो. सो स्लोप इज मायनस. बट हीट इज कमिंग टू मी. ती उणी कशी? इट इज प्लस. देअरफोर..." शब्द सापडेना. त्यानं कोळसा घेतला, भिंतीवर ते सूत्र लिहिलं आणि त्याच्या सुरुवातीला एक आडवी रेघ ओढली. "देअरफोर वन मोअर मायनस. उताराचं उणे पुसायला."

मलाही कळलं होतं. उलथन्याचा तो चटका मी पन्नास वर्षं खाल्लाय.

तौफिक म्हणाला, एवढंच?

"एवढंच," रेवण म्हणाला. "मला पण आमच्या मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं."

वैजयंता बसूनच होती. मी तिला ओळखते, तिचं समाधान इतक्यात होणार नव्हतं. ती उठली, उलथन्याकडं बोट केलं.

"सर, देन व्हाय वूडन हँडल? मुठीला लाकूड लावलं की चटका बसत नाही. मायनस इज सेम. देन व्हॉट चेंज?"

रेवणनं उलथन्याकडं बघितलं. त्याला विचार करायला वेळ लागला. कुणी त्याच्या जागी बोललं नाही.